भाषणामागची टिपणे : पुण्याच्या सभेपासून बजाजनगरच्या द्वारसभेपर्यंत

महाराष्ट्रात वक्त्यांची नावे रस्त्यांना आणि सभागृहांना दिली जातात, गाजलेल्या भाषणांच्या शताब्द्या साजऱ्या होतात. वक्त्याच्या हातातल्या कागदावरचे आकडे कुठून आले, ते कोणी शोधले आणि कोणी पडताळले, याचा इतिहास मात्र पत्रव्यवहारांत, प्रस्तावनांत आणि सरकारी अहवालांत विखुरलेला आहे. तो जोडून पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. ज्या मराठी वक्त्यांना राज्यकर्त्यांनी उत्तर देणे भाग पडले, त्यांच्या भाषणांचा दारूगोळा बहुतेक वेळा राज्यकर्त्यांच्याच दप्तरातून आलेला होता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, बजाजनगरच्या आसपासच्या कारखान्यांपुढे कंपनीचाच वार्षिक अहवाल हातात घेऊन बोलणारा कामगार प्रतिनिधी या परंपरेचा आजचा वारस आहे.

छापखाना येण्यापूर्वी मराठी मुलखात लोकांपुढे बोलण्याची सर्वांत मोठी शाळा कीर्तनाची होती. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असा नारदीय कीर्तनाचा बांधा असल्याने कीर्तनकाराला श्लोक, ओव्या, दृष्टांत आणि कथा यांचा मोठा साठा हाताशी ठेवावा लागे. हा साठा हस्तलिखित बाडात उतरलेला असे आणि गुरूकडून शिष्याकडे जाई. यात मेहनत अपार होती, पण माहिती परंपरेने दिलेली असल्यामुळे ती तपासण्याचा प्रश्न येत नव्हता. तो प्रश्न १८४८ नंतर आला. त्या वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ज्ञानप्रसारक सभा सुरू झाली. सभासदाने विषय घ्यायचा, वाचन करायचे, निबंध लिहून सभेपुढे वाचायचा अशी तिची रीत होती, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात असे लेखन छापले जाऊ लागले. छापून येणाऱ्या भाषणात चूक राहिली तर ती दुसऱ्याच्या नजरेला पडणार, हे भान वक्त्यांना प्रथम इथे आले. १८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने हीच शिस्त मोठ्या श्रोतृवर्गापुढे नेली.

माहिती नुसती वाचायची नाही, ती स्वतः गोळा करायची, हा पुढचा टप्पा पुणे सार्वजनिक सभेचा. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावच्या हकिगती मिळवून सरकारकडे पाठवल्या. १८७८ पासून तिचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. जमीनमहसूल, जंगले, मीठ, रेल्वे, विनिमयदर अशा रुक्ष विषयांवरचे दीर्घ लेख त्यात येत. व्यासपीठावर उभे राहण्यापूर्वी सरकारचा अहवाल सरकारी अधिकाऱ्याइतक्याच बारकाईने वाचला पाहिजे, हा रानड्यांचा आग्रह या अंकांच्या पानापानांत दिसतो. दुष्काळी कायद्याचे कलमही भाषणाचा विषय होऊ शकते, हे सभेने पुढे १८९६-९७ मध्ये दाखवले. टिळकांच्या पुढाकाराने त्या कायद्यातील तरतुदी मराठीत छापून वाटण्यात आल्या आणि गावच्या सभांतून त्या समजावून सांगण्यात आल्या. सूट मागणे हा गुन्हा नसून हक्क आहे, असे लोकांना सांगताना कार्यकर्त्यांच्या हातात सरकारचाच कायदा होता.

याच काळात महात्मा फुले यांची वाट वेगळी होती. अहवालात जे लिहिले गेलेच नव्हते, ते शेताच्या बांधावरून आणि गावच्या चावडीवरून गोळा करणे हे त्यांच्या तयारीचे मर्म. ‘शेतकऱ्याचा असूड’ छापण्याआधी त्यांनी त्याचे भाग पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्याच समोर मजकूर आधी ठेवायचा, ही पडताळणीची अत्यंत प्रामाणिक रीत आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही शाळा चालवण्याचा स्वतःचा अनुभव त्यांनी पुराव्यासारखा मांडला. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही पद्धत गिरणगावात नेली. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी कारखाना आयोगासाठी निवेदन तयार केले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार आणि अपघातानंतरची भरपाई अशा मागण्या त्यात होत्या. या मागण्या कामगारांच्या रोजच्या तक्रारी ऐकूनच ठरलेल्या होत्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.

भाषणामागच्या संशोधनाचे मराठी इतिहासातील सर्वांत उजळ उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांचे आहे, आणि त्यात दोन माणसे आहेत. दुसरे म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. नावे जवळची असल्याने हा घोटाळा नेहमी होतो. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यात मुख्याध्यापक होते आणि सोलापूरच्या सरकारी शाळेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. सरकारी नोकरीमुळे राजकीय व्यासपीठ त्यांना जवळजवळ बंद होते. आकडेवारीवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात शेती, महसूल आणि वित्तव्यवहार यांवर त्यांनी लिहिले, आणि हे काम किती मोठे होते याची कल्पना १९१२ मध्ये पुण्यात त्यांचे लेखन आणि भाषणे ग्रंथरूपाने निघाली तेव्हा सर्वांना आली.

गोखले रानड्यांच्या सहवासात आले ते १८८७ च्या सुमारास, विशीतल्या प्राध्यापकाच्या रूपाने. एक तपाहून अधिक काळ रानड्यांनी त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेतले, टिपणे लिहून घेतली आणि ती दुरुस्त केली. १८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या लंडनच्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने गोखल्यांना पाठवले, तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. साक्षीच्या मसुद्याला रानडे आणि जोशी यांची मदत होती. आयोगाच्या सदस्यांनी उलटतपासणी कसून केली आणि गोखले तीत टिकले, कारण त्यांचे आकडे भारत सरकारच्या हिशेबातून घेतलेले होते.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखालील कायदेमंडळात, गोखल्यांनी अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण केले. सरकार सात कोटी रुपयांच्या शिलकीचा अभिमान मिरवत होते. गोखल्यांनी त्या शिलकीचा उगम दाखवला. रुपयाचा दर घसरून तेरा पेन्सांच्या आसपास आला होता, तेव्हा इंग्लंडला पाठवण्याच्या रकमांसाठी जादा कर बसवले गेले. पुढे दर सोळा पेन्सांवर स्थिर झाला, त्या रकमांना कमी रुपये पुरू लागले, कर मात्र तसेच राहिले. म्हणजे शिल्लक समृद्धीची नव्हती. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या पैशाची होती. मिठावरचा मणामागे अडीच रुपयांचा कर आणि दरडोई मिठाचा घटता खप यांचा संबंधही त्यांनी सरकारच्याच तक्त्यांवरून मांडला. त्या सभागृहात अर्थसंकल्पावर मतदान घेण्याची सोय नव्हती. युक्तिवाद एवढेच शस्त्र होते. १९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे श्रेय एकट्या भाषणाचे म्हणता येणार नाही, पण या मागण्या आकड्यांसह नोंदवल्या गेल्या होत्या आणि सरकारला त्या नाकारण्यासाठी आकडे सापडले नाहीत.

या भाषणांची घडण जोशी आणि गोखले यांच्या पत्रव्यवहारात दिसते. अर्थसंकल्प मांडला गेल्यापासून त्यावरची चर्चा होईपर्यंतचे दिवस थोडे असत, म्हणून तयारी वर्षभर चाले. जोशी दूरवरून लांबच लांब टिपणे पाठवत: कुठला तक्ता पाहावा, कुठल्या दोन वर्षांची तुलना करावी, कुठल्या आकड्याची व्याख्या मधल्या काळात बदलली आहे. गोखले त्यातून निवड करत, पडताळत आणि सभागृहाला पेलेल अशा इंग्रजीत बांधत. आपल्या भाषणांत जोशींचा वाटा किती मोठा आहे, हे गोखल्यांनी पत्रांतून मोकळेपणाने मान्य केले. भारतीय वित्तव्यवहाराच्या इतिहासात या सोलापूरकर मुख्याध्यापकाला मिळालेले स्थान त्यांच्या कामाच्या मानाने फार लहान आहे.

माहिती न पडताळता बोलण्याची किंमतही गोखल्यांनीच मोजली, आणि तीही वेल्बी आयोगापुढच्या यशानंतर काही आठवड्यांतच. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या हकिगती त्यांना लंडनमध्ये मित्रांच्या पत्रांतून कळल्या. त्यांनी त्या तिथल्या वर्तमानपत्रांपुढे मांडल्या. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला, तेव्हा पत्रलेखकांपैकी कोणी उघडपणे पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत आणि ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर, बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरवले. लोक भीतीपोटी साक्ष देत नसतात, हे त्या काळच्या पुण्यात सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे माफी मागितली म्हणून त्या सर्व हकिगती खोट्या होत्या असे ठरत नाही. परंतु वक्त्याला खात्री असणे आणि त्याच्याजवळ दाखवण्याजोगा पुरावा असणे यांतले अंतर या प्रसंगाने कायमचे अधोरेखित केले.

१९०५ मध्ये गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात या अनुभवाची छाया आहे. नव्या सदस्याला पाच वर्षे प्रशिक्षण घ्यावे लागे, आणि त्यात पुण्याच्या ग्रंथालयातील अभ्यास व देशभरचा प्रवास या दोन्हींना जागा होती. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी हाच नियम लावला: वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी पुढे १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे आधारस्तंभ झाले. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय उघडले आणि ‘लेबर गॅझेट’ सुरू केले. गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी, मजुरीचे दर आणि राहणीखर्चाचा निर्देशांक हे सारे छापील स्वरूपात मिळू लागले आणि महागाई भत्त्याचा वाद अंदाजावरून आकड्यांवर आला. १९३० मध्ये समाजाच्याच आश्रयाने गोखले अर्थशास्त्र संस्था पुण्यात उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भाषणांमागे ग्रंथालय होते, हे सर्वश्रुत आहे. दादरच्या राजगृहाची रचनाच पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून झाली होती. त्यांच्या तयारीतले कायदेशीर टोक तितकेसे ठाऊक नसते. मार्च १९२७ च्या महाड परिषदेला आधार होता तो सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावाचा आणि त्यानंतर महाड नगरपालिकेने घेतलेल्या ठरावाचा. महाडच्या चवदार तळ्यावर जाण्याचा हक्क आधी कागदावर सिद्ध होता, आणि पुढे दहा वर्षांनी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही तो टिकला. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले अध्यक्षीय भाषण मंडळाला आधीच वाचून मानवले नाही. आंबेडकरांनी त्यात फेरफार करण्यास नकार दिला आणि न दिलेले ते भाषण स्वखर्चाने १,५०० प्रतींत छापले. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण अभ्यासूंनी याच नजरेने वाचावे. दिरंगाईच्या आरोपाला उत्तर देताना त्यांनी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांना लागलेला काळ सांगितला आणि ७,६३५ सूचना आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेब ठेवला. बेनेगल नरसिंह राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना त्यांनी त्याच भाषणात नावानिशी श्रेय दिले. पडद्याआडच्या माणसाला व्यासपीठावरून मान देण्याची अशी उदाहरणे विरळा आहेत.

मराठवाड्यात ही परंपरा उशिरा आणि अडथळ्यांतून पोचली. निजामाच्या राज्यात गश्ती क्रमांक ५३ मुळे परवानगीवाचून सभा घेता येत नसे. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. मराठीत बोलणाऱ्याला सरकारी माहिती उर्दू कागदांतून काढून मराठीत मांडावी लागे. अशा वेळी वाचनालये आणि राष्ट्रीय शाळा हीच संदर्भालये झाली. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली पहिली महाराष्ट्र परिषद भरली ती याच मर्यादेत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले; १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. हेच मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात बसून विषयाची टाचणे काढण्याची जागा मिळाली, आणि जयंतीच्या, मोर्चाच्या, परिषदेच्या व्यासपीठांवर पुढे जे वक्ते आले, त्यांतले पुष्कळ या दोन संस्थांतून घडले.

मराठवाड्याच्या भाषणांना स्वतःचा आकडा मिळाला तो मात्र १९८४ मध्ये. १९५३ च्या नागपूर कराराने या भागाला न्याय्य वाट्याचे आश्वासन दिले होते. तीस वर्षे ‘अन्याय झाला’ असे वक्ते सांगत राहिले. किती झाला, याचे सर्वमान्य माप नव्हते. विनायक महादेव दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि प्रत्येक जिल्हा तिच्या किती मागे आहे ते पैशांत मांडले. एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे सुमारे २३.५६ टक्के. दांडेकर हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक. रानडे आणि जोशी यांनी घालून दिलेली वाट अशी थेट मराठवाड्याच्या प्रश्नापर्यंत आली. ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर औरंगाबादच्या प्रत्येक सभेत घुमू लागला, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने तो सातत्याने लावून धरला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने त्या वर्षाच्या स्थितीवर नव्याने हिशेब केला तेव्हा एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी रुपये भरला. दोन्ही हिशेबांची वर्षे, किमती आणि क्षेत्रांची मापे वेगळी आहेत. सभांतून हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘अनुशेष पाचपट झाला’ असे सांगितले जाते, ते चूक आहे. प्रश्न खरा असताना असा आकडा वापरला की विरोधकाला आयता फाटा फोडता येतो.

बजाजनगर ही वसाहत याच काळातली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, भोवती सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे वडगाव कोल्हाटीच्या परिसरात वसली. इथे बोलण्याचे प्रसंग भरपूर आहेत. शिवजयंती आणि आंबेडकर जयंतीची व्याख्याने, गणेशोत्सवातले कार्यक्रम, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, ग्रामसभा आणि कामगारांची द्वारसभा. जयंतीच्या भाषणांत आज तयार मजकुराची चलती आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या भाषणातली चुकीची तारीख वर्षानुवर्षे तशीच पुढे जाते. वास्तविक आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे राज्य सरकारने १९७९ पासून खंडांत छापली आहेत. वसंत मून यांनी संपादनात घातलेले कष्ट शाळेतल्या मुलापर्यंत पोचत नाहीत, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. ग्रामसभेत बोलणाऱ्याला १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा आधार आहे. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि पाणीपुरवठ्यावर किंवा रस्त्यावर झालेल्या खर्चाची प्रत.

द्वारसभेची तयारी सर्वांत कसोटीची. वेतनकराराची मुदत संपत आली की संघटना मागणीपत्र तयार करते आणि पाळी सुटताना फाटकासमोर त्यावर भाषणे होतात. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल खुला असतो. त्यातून विक्री, नफा आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च हे तीन आकडे काही वर्षांचे ओळीने काढले जातात आणि शेवटच्याचे पहिल्याशी प्रमाण मांडले जाते. पुरवठादार कारखाने बहुधा खासगी कंपन्या असल्याने त्यांचे हिशेब कंपनी निबंधकाकडील नोंदींतून शुल्क भरून पाहावे लागतात. ग्राहक किंमत निर्देशांक श्रम ब्युरो दरमहा प्रसिद्ध करते. वर्ष बदलले की पायाभूत वर्षही बदललेले असू शकते, म्हणून जुना निर्देशांक नव्याशी जोडताना ठरावीक गुणक वापरावा लागतो. इथे चुकणारा वक्ता वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्याच बैठकीत अडचणीत येतो. शेजारच्या कारखान्यांत झालेल्या करारांच्या प्रती मिळवणे हा आणखी एक भाग. कंत्राटी कामगारांविषयी बोलायचे तर छापील काही फारसे हाती लागत नाही. तिथे वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आणि हजेरीची टिपणे एकेका माणसाकडून गोळा करावी लागतात, आणि नोकरी जाण्याच्या भीतीने अनेक जण कागद देतात पण नाव देत नाहीत. म्हणून जाणते कार्यकर्ते अशा माहितीतून नावे आणि तिकीट नंबर काढून टाकतात, किमान दोन कागदांवरून खात्री करतात आणि मगच फाटकावर बोलतात.

हे काम करणारा सहसा माइकवर येत नाही. तो बहुधा हिशेबात तरबेज असलेला एखादा जुना कामगार असतो. तो आकडे काढतो, अध्यक्ष बोलतो, आणि व्यवस्थापनाकडून उलट प्रश्न आला की बैठकीत अध्यक्ष त्याच्याकडेच वळून पाहतो. करारावर सह्या झाल्यावर त्याची प्रत संघटनेच्या दप्तरात जाते, आणि पुढच्या मागणीपत्राच्या वेळी तुलनेसाठी पहिल्यांदा तीच काढली जाते.